फटकळ मामा आणि फुगलेली जमीन

फटकळ मामांना एसी दुरुस्तीला बोलवायचं तर घरात दोन गोष्टी तयार लागत. एक रिकामी खुर्ची आणि दुसरी गेंड्याची कातडी. खुर्ची त्यांच्यासाठी, कातडी तुमच्यासाठी.

खुर्ची अशासाठी, की मामा आले की आधी बसायचे. बाकीचे मेकॅनिक दारातूनच स्क्रूड्रायव्हर उपसत येतात, दहा मिनिटांत मशीनचं पोट उघडतात, जाळी धुतात, "गॅस कमी झाला होता हो" असं ठोकून देतात आणि पसार होतात. मामा त्यातले नव्हेत. मशीन चालू करायचं, समोर खुर्ची टाकायची आणि मांडीवर हात ठेवून बघत राहायचं. तासभर, दोन तास, लागतील तेवढे. "गळतं कुठून ते गळतानाच कळणार ना? बंद करून काय डोंबल कळणार?" असं ते विचारायचे. एका घरच्या आजोबांनी तर सुनेला आतल्या खोलीत नेऊन विचारलं होतं, "हा माणूस मुलगी बघायला आलाय की एसी?"

आणि कातडी अशासाठी, की बिघाड सापडला की तो कुणामुळे झाला, हे मामा त्या माणसाच्या तोंडावर, अख्ख्या घरादेखत सांगायचे. त्यांचं ठाम मत होतं की मशीन म्हणजे बिचारं मुकं जनावर, चुकतो तो माणूस. एका मोठ्या डॉक्टरांना ते म्हणाले होते, "साहेब, तीन वर्षं जाळी धुतली नाहीत, आणि आल्या-गेल्याला मात्र हात धुवा म्हणून सांगता!" डॉक्टर हसले म्हणून बरं. सगळेच हसत नाहीत. अठरा वर्षं मामा एका कंपनीत होते. एकदा मॅनेजरच्या घरचा एसी बघायला गेले आणि साहेबांच्या सासूबाईंना सांगून आले की, मशीनवर ओले टॉवेल वाळत घालायला तो काय दांडीचा बांबू आहे? महिन्याच्या आत मामा घरी बसले. तेव्हापासून स्कूटर, पिशवी आणि ते स्वतः, एवढीच त्यांची कंपनी. काम मात्र कधी कमी पडलं नाही. तीन-तीन जणांनी हात टेकले की लोक गुपचूप मामांनाच फोन करायचे.

"तुमच्या हातात कला आहे आणि तोंडात विस्तव," मामी म्हणायच्या. रोज सकाळी डबा हातात देताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "आज तरी कुणाला काही बोलू नका." मामा मान डोलवायचे आणि संध्याकाळी कुणाला तरी काहीतरी बोलूनच यायचे.

त्या दिवशीचा पत्ता दुसऱ्या मजल्यावरचा होता. मामा स्कूटर लावतात न लावतात तोच एक साठी उलटलेल्या बाई जिना उतरून लगबगीनं खाली आल्या. शेजारीपाजारी त्यांना काकू म्हणायचे.

"वर जाण्याआधी दोन शब्द बोलायचेत," काकू धापा टाकत म्हणाल्या. "घरात बोलता येत नाही, यांना ऐकू जातं."

"हे" म्हणजे काकूंचे यजमान. उभा जन्म सुतारकाम केलेला माणूस, त्यामुळे सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. हळूहळू जीभ सुधारली, पायात थोडं बळ आलं. काकूंच्या खांद्याला धरून पलंगापासून दारापर्यंत जाऊ लागले होते. मग एसीचं गळणारं पाणी भिंतीवरून उतरून जमिनीखाली शिरलं आणि लाकडी पट्ट्या फुगल्या. तीन आठवड्यांपूर्वी अशाच एका फुगवट्याला मिस्त्रींचा पाय अडखळला. लागलं काही नाही, पण त्या दिवसापासून गडी भिंतीकडे तोंड करून पडला होता. चालणं बंद, बोलणंही बंद.

"ती जमीन यांनीच केलेली हो," काकू म्हणाल्या. "लोक जुनी दारं-खिडक्या टाकून देतात ना, ती आणून आणून चार वर्षं जमवली, रंधून काढली आणि एकेक पट्टी स्वतः बसवली. मला हात लावू दिला नाही. आता मुलगी घाबरलीय. बाबा पडतील म्हणते. तिनं फ्लोअरिंगवाला ठरवलाय. तो आज चार वाजता येऊन सगळं लाकूड उखडणार आणि प्लास्टिकची गुळगुळीत शीट टाकणार. तीनदा माणसं येऊन गेली, पण गळती काही थांबत नाही. आणि ओल थांबत नसेल तर लाकूड ठेवायचं कशाला, असं तो म्हणतो. मी काय उत्तर देऊ?" त्यांचा आवाज चिरकला. "गळती आज सापडली तर त्याला परत पाठवता येईल. ती जमीन उखडली ना मामा, तर हा माणूस पुन्हा उठायचा नाही. मी सांगते तुम्हाला."

मामांनी घड्याळ पाहिलं. बारा वाजत आले होते.

"आणि अजून एक," काकू म्हणाल्या, आणि आता जरा चाचरल्या. "तुमच्याबद्दल ऐकलंय मी. रागावू नका. पण यांच्यासमोर काही तोडून बोलू नका. मनाला लागेल असं काही कानावर पडता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलंय. आम्ही सगळे जपून असतो. मला शब्द द्या."

"दिला," मामा म्हणाले. मामींनी हे ऐकलं असतं तर पोट धरून हसल्या असत्या.

खोली छान होती. एका बाजूला खिडकी, समोर बाल्कनीचं दार, पलंगाच्या पायथ्याच्या भिंतीवर एसी. पलंगावर पाठमोरे मिस्त्री. कुणी आलंय याची दखल त्यांनी घेतली नाही. मामांनी चप्पल बाहेर काढली आणि अनवाणी आत आले. पायांनाच पहिल्यांदा कळलं. भिंतीकडच्या पट्ट्या कडांना उचलल्या होत्या, मध्ये खोलगट झाल्या होत्या. पण बाकी खोलीभर जमीन अशी होती, की मामा खाली वाकून बघतच राहिले. निरनिराळ्या दारांची लाकडं, निरनिराळे रंग, आणि दोन पट्ट्यांमध्ये नख जाईल तर शपथ.

"वा!" मामांच्या तोंडून निघून गेलं.

मग मामांनी खडू काढला. एसीखालच्या भिंतीवर आडवे खडूचे जाड पट्टे ओढले, म्हणजे पाणी उतरलं की तिथला खडू भिजून काळपट होतो आणि वाट कळते. मशीन चालू केलं. खुर्ची टाकली. बसले.

अर्धा तास गेला. काकूंनी चहा आणला. पाऊण तास गेला. खडू कोरडा ठणठणीत. काकू चुळबुळ करायला लागल्या, घड्याळ आणि मामा, मामा आणि घड्याळ, असं बघायला लागल्या. शेवटी काहीतरी करायचं म्हणून त्या बाल्कनीकडे निघाल्या.

"कुठे निघालात वहिनी?"

"एसीचं पाणी कॅनमध्ये जमतं ना, ते झाडांना घालते मी. कॅन रिकामा करून येते."

"हात लावू नका!" मामा जवळजवळ ओरडलेच. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला सांगा, ते तिघे आले तेव्हाही कॅन रिकामा केला होतात?"

"हो मग. परका माणूस घरात येणार, आधी आवरायला नको?"

"म्हणजे पाहुण्यांच्या आधी तुम्ही बिघाडच आवरून ठेव..." मामांनी जीभ चावली. पलंगाकडे पाहिलं. "काही नाही. छान आहे तुमचं घर. आज कॅन भरू द्या. जसं रोज चालतं तसंच चालू द्या."

त्यांना स्वतःलाच घाम फुटला. एसी समोर चालू असताना.

दीड वाजला. दोन वाजले. दुसरा चहा झाला. अडीचच्या सुमाराला सगळ्यात वरच्या खडूच्या पट्ट्यावर बोटाएवढा काळा डाग उमटला. मग तो खाली सरकला. दुसरा पट्टा, तिसरा पट्टा. धार नव्हे, थेंबही नव्हे, भिंतीला चिकटून एक पातळ ओलावा गुपचूप खाली उतरत होता आणि कडेच्या लाकडी पट्टीमागे नाहीसा होत होता. टपकण्याचा आवाज नाही, डबकं नाही. असं पाणी दिसतच नाही, जमीन फुगल्यावरच कळतं.

मामा उठले आणि थेट बाल्कनीत गेले.

कॅन जवळजवळ भरला होता. एसीचा पाईप भिंतीतून बाहेर येऊन कॅनच्या तोंडातून आत गेला होता आणि पार तळाशी पोचला होता. त्याचं टोक वीतभर पाण्याखाली. इथेच तर घोडं पेंड खात होतं. टोक पाण्यात बुडलं की पाईपमधली हवा मध्येच कोंडते आणि मागून येणाऱ्या पाण्याला पुढे सरकू देत नाही. मशीनमधला ट्रे भरतो, पाणी मागच्या बाजूनं भिंतीवर उतरतं. कॅन रिकामा असेल तर सगळं ठीक चालणार. मग तिघांना काय सापडणार, कपाळ!

मामांनी पाईप वर ओढला. गुडगुड गुडगुड आवाज आला आणि अडलेलं सगळं पाणी भसकन त्यांच्या पायांवर आलं. पाईपबरोबर आणखी एक वस्तू हातात आली. लाकडाची छोटी पाचर. पाईप वर उसळू नये म्हणून कुणीतरी ती कॅनच्या तोंडात ठोकून बसवली होती.

"ही कुणी लावली वहिनी?"

"तुमच्यापैकीच कुणीतरी असेल की! मागे सर्व्हिसिंगला आला होता, त्यानं. मी आपली पाणी ओतते आणि होतं तसं पुन्हा बसवते."

मामांनी पाचर उजेडात धरली. एसीवाला पाईप बांधेल तर चिकटपट्टीनं, नाहीतर तारेनं. पाचर बसवणार नाही. आणि ही पाचर तर कशी, एका टोकाला कागदासारखी पातळ, उतार अगदी मापात. मात्र एक बाजू खडबडीत, तासलेली वेडीवाकडी. उजव्या हाताच्या सराईत माणसानं डाव्या हातानं तासावी तशी.

मामा तिथेच उभे राहिले, पाय ओले. मग हळूच आत येऊन पलंगाशी गेले आणि वळून पावलं मोजत बाल्कनीच्या कॅनपर्यंत आले. अकरा. काकूंनी तर सांगितलं होतं की मिस्त्री खांद्याला धरून दारापर्यंत जातात. ते खोलीचं दार, पलंगापासून चार पावलांवर. मग हा माणूस अकरा पावलं चालून इथे आला कधी? आणि कुणाच्या खांद्याला धरून?

कुणाच्याच नाही. उगाच नाही मामा दोन-दोन तास बघत बसायचे. त्यांना एवढं कळत होतं.

पण शब्द दिला होता. आणि सांगायचं तरी काय? की मिस्त्री, चार वर्षं खपून केलेली जमीन तुम्ही स्वतःच्या हातानं भिजवलीत? निजलेल्या माणसाच्या छातीवर हा धोंडा ठेवायचा? मामांनी आयुष्यात पहिल्यांदा सत्य गिळलं. पाचर खिशात घातली, पाईपचं टोक कॅनच्या तोंडापाशी वरच बांधलं आणि आत येऊन म्हणाले, "सापडलं वहिनी. पाईप जरा खाली गेला होता. आता गळणार नाही."

"एवढंच?" काकूंना हसावं की रडावं कळेना.

"एवढंच." मामा पिशवी भरायला लागले.

तेवढ्यात बेल वाजली. फ्लोअरिंगवाला चाराच्या जागी साडेतीनलाच उगवला होता. ऐसपैस अंगाचा माणूस, हातात कटावणी, खांद्यावर शीटची गुंडाळी. काकूंनी गळती थांबल्याचं सांगितलं. त्यानं बुटाच्या टोकानं पट्ट्या दाबून पाहिल्या.

"गळती थांबली ते बरं झालं, पण काकू, लाकूड कामातून गेलंय. हे आता काढायलाच पाहिजे. ताईंशी माझं बोलणं झालंय."

काकूंनी पलंगाकडे पाहिलं. "अहो, ऐकताय ना? तुम्ही सांगा. काय करायचं?"

पाठमोऱ्या माणसाकडून आवाज आला, "करा... काय करायचं ते."

काकूंनी पदर तोंडाला लावला. फ्लोअरिंगवाला कोपऱ्यात जाऊन बसला आणि कटावणी टेकवायला जागा शोधू लागला. तोच लाकडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, आणि मामांच्या जिभेवरचं कुलूप फटदिशी तुटलं.

"मिस्त्री!" मामा पलंगासमोर जाऊन उभे राहिले आणि खिशातून पाचर काढून नाचवली. "ही कुणाची?"

"मामा!" काकू ओरडल्या. "शब्द दिलाय तुम्ही!"

"दिला होता, आता घेतला परत! मिस्त्री, इकडे बघा. ही जमीन कुणी भिजवली, माहीत आहे? तुम्ही! पाईप पाण्यात बुडवलात आणि वर पाचर ठोकलीत. तीन मेकॅनिकना मूर्ख ठरवलंत, बायकोला रडवलंत, मला अडीच तास खुर्चीत बसवलंत. आणि आता भिंतीकडे तोंड करून म्हणता, करा काय करायचं ते? शोभतं का एवढ्या मोठ्या कारागिराला?"

काकू पुतळ्यासारख्या उभ्या. कटावणी हवेतच.

मिस्त्री वळले. आधी मान, मग खांदा, मग डाव्या कोपरावर भार देऊन सगळं अंग. पाचरेकडे पाहिलं. चेहरा लाल झाला.

"ती... झोपत नव्हती," ते म्हणाले. शब्द एकेक येत होता. "कॅनमध्ये टपटप आवाज. दुपारी तासभर डोळा लागतो हिचा. दिवसभरात तेवढाच. तो पण मोडायचा. म्हणून... पाईप खाली घातला."

"तुम्ही?" काकूंनी विचारलं. "बाल्कनीत? एकटे?"

"तू झोपलेलीस."

"अहो, पण पडला असतात म्हणजे?"

"नाही पडलो. दोनदा गेलो. एकदा मापाला, एकदा ठोकायला."

काकू मटकन खुर्चीत बसल्या. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते आलंय हे लपवायला त्यांनी आवाज आणखी चढवला. "म्हणे झोपेसाठी! अहो, पाण्याला वाट लागते तशी हवेलाही लागते. लाकडातलं तुम्हाला कळतं, पाण्यातलं मला विचारायचंत!"

आता मात्र मिस्त्री भडकले. आठ महिने त्या घरात कुणी त्यांच्याशी भांडलं नव्हतं. सगळे कुजबुजायचे, सगळे "हो हो, बरोबर" म्हणायचे.

"लाकडातलं मला कळतं ना?" ते गरजले, आणि डावा हात कोपऱ्याकडे झेपावला. "मग तो गाढव काय करतोय तिथे? ए! कटावणी काढ! मधून उखडतोस? सगळी फाटेल ना!"

"काका, लाकूड गेलंय..."

"तुझ्या बापानं पाहिलं होतं लाकूड जाताना? भिजलंय ते. भिजलं तर सुकेल." मिस्त्रींनी पाय खाली सोडले. काकू धावल्या. "हात नको," ते म्हणाले. पलंगाची कड धरून उभे राहिले, लटपटले, मग भिंतीला तळहात लावत कोपऱ्यापर्यंत गेले. मामा मागे दोन हात पसरून, श्वास रोखून चालत होते, पण हात लावला नाही.

"ही कडेची पट्टी काढ. मग भिंतीलगतच्या या दोनच. दोनच! खाली वारा जाऊ दे. मोठा पंखा नको, ऊन नको. महिनाभर तशीच ठेवायची. बसेल परत आपोआप. नाही बसली तर मी रंधा मारीन."

"महिनाभर?" फ्लोअरिंगवाला म्हणाला.

"घाई असेल तर दुसरीकडे जा."

फ्लोअरिंगवाल्यानं मुकाट्यानं कडेची पट्टी सोडवली, अगदी मिस्त्री सांगतील तशी, आणि चार शिव्या खात खात काम नीट केलं. खाली ओल होती, पण लाकूड कुठेही कुजलं नव्हतं. मिस्त्रींनी वाकून वास घेतला आणि समाधानानं हुंकार भरला.

टपटपीचा प्रश्न उरला होताच. मामांनी पाईपच्या टोकाला एक सुती दोरी बांधली आणि कॅनच्या तळापर्यंत सोडली. पाणी दोरीवरून घसरत खाली जायला लागलं, आवाज म्हणून नाही. मिस्त्रींनी ते दारातून पाहिलं आणि म्हणाले, "ती पाचर इकडे द्या. एका बाजूनं खडबडीत आहे." मामांनी पाचर दिली.

काकू जिन्यापर्यंत सोडायला आल्या. "तुम्ही शब्द पाळला नाहीत," त्या म्हणाल्या.

"नाही पाळला."

त्यांनी मान हलवली आणि त्या घाईघाईनं वर गेल्या.

संध्याकाळी मामींनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आज कुणाला काही बोललात का?" मामा म्हणाले, "एका आजारी माणसाला." मामींनी कपाळावर हात मारला.

पाच आठवड्यांनी काकूंचा फोन आला. मामा तेव्हा कुणाच्या तरी घरी खुर्चीत बसले होते.

"जमीन बसली हो मामा. एक पट्टी जरा वर राहिली, तिला हे रंधा मारतायत, डाव्या हातानं. मुलीनं शीट परत पाठवली."

"आणि एसी?"

"थेंब नाही." काकू एकदम हळू आवाजात बोलायला लागल्या. "दुपारी मी आडवी होते ना, तेव्हा तुमच्या दोरीमुळे आवाज अजिबात येत नाही. पण मला झोपच लागत नाही."

"का हो? आता काय झालं?"

"माझ्यासमोर चालायला लाजतात अजून. मी झोपले की उठतात. म्हणून मी डोळे मिटून पडते, थोडं घोरल्यासारखं करते आणि पावलं मोजते. काल अकरा जायला, अकरा यायला. आज कॅनपाशी थांबून झाडांना पाणी घातलं त्यांनी. मला नीट ऐकू आलं."

समोरच्या भिंतीवरचा खडू भिजून काळा झाला होता आणि घरची मंडळी त्यांच्याकडे बघत होती, तरी फटकळ मामा फोन कानाला लावून तसेच बसून राहिले.